वडवणीचा कापूस आणि न्यूयॉर्कचा भाव

ऑगस्ट २०२५ च्या तिसऱ्या आठवड्यात बीड जिल्ह्यातल्या वडवणी तालुक्यातली कपाशी पाते-फुलांवर होती. चिंचवण, कवडगाव, देवडी, उपळी, कुठल्याही शिवारात पेरणीचा, बियाण्याचा, खताचा आणि खुरपणीचा खर्च तोवर होऊन गेला होता. त्याच आठवड्यात, १९ ऑगस्टपासून, केंद्र सरकारने परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढून टाकलं. सवलत आधी ३० सप्टेंबरपर्यंत होती, मग ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. आपल्याकडचा नवा कापूस दसऱ्याच्या सुमारास घरात येऊ लागतो आणि देणी भागवायची घाई असलेला शेतकरी डिसेंबरअखेर त्यातला बराचसा विकून मोकळा होतो. सवलतीचा काळ आणि त्याच्या विक्रीचा काळ नेमका एकच आला.

जागतिक व्यापार म्हटलं की डोळ्यांपुढे बंदरं, कंटेनर आणि परिषदा येतात. बालाघाटाच्या पायथ्याशी, बीड-परळी रस्त्यावरच्या या छोट्या तालुक्याचा त्याच्याशी काय संबंध, असं कुणालाही वाटेल. इथली बरीचशी शेती पावसावर चालते, मोठा उद्योग नाही, निर्यातदार तर शोधूनही सापडणार नाही. तरीही इथला कापूस उत्पादक जगाच्या बाजारात पूर्ण उतरलेला आहे. त्याला तिथे काही ठरवता येत नाही, एवढंच.

भाव मोंढ्यापर्यंत येतो कसा, ते आधी पाहू. शेतकरी विकतो तो कापूस, म्हणजे सरकीसकट बोंडातून वेचलेला माल. जिनिंगमध्ये एक क्विंटल कापूस घातला तर साधारण ३४ किलो रुई आणि ६४ किलो सरकी निघते, उरलेली घट. रुई दाबून १७० किलोची गाठ बांधतात आणि तिचा सौदा खंडीवर होतो. खंडी ३५६ किलोची. ब्रिटिश अमदानीतलं ७८४ पौंडांचं हे माप आजही चालू आहे. जगभरातले व्यापारी ज्या भावाकडे डोळे लावून बसतात तो न्यूयॉर्कच्या वायदेबाजारातला, एका पौंडाला अमुक सेंट असा. पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. तेव्हा आपल्या एका क्विंटलमधली ३४ किलो रुई म्हणजे ७५ पौंड.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कचा भाव ६५ सेंटच्या आसपास होता आणि डॉलर ८७ रुपयांच्या. ७५ पौंडांना ६५ सेंटनी गुणा, ४८ डॉलर ७५ सेंट होतात. रुपयांत ४,२४० च्या आसपास. सरकी किलोला ३५ रुपये धरली तर ६४ किलोचे २,२४० रुपये. बेरीज झाली सुमारे ६,४८० रुपये क्विंटल. जहाजभाडं, जिनिंगचा खर्च, व्यापाऱ्याचा नफा यांनी आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण बाहेरच्या कापसाच्या तुलनेत आपला कापूस कुठे उभा आहे, हे यातून कळतं. आता त्यात ११ टक्के शुल्काचा भाग पाहा. रुईच्या ४,२४० रुपयांवर ११ टक्के म्हणजे साधारण ४६५ रुपये. शुल्क असताना गिरणीला बाहेरचा माल तेवढा महाग पडतो, म्हणून देशी कापसालाही तेवढी जागा मिळते. शुल्क गेलं की ती जागा जाते. दहा क्विंटल कापूस झालेल्या घरात हा फरक साडेचार हजारांपुढे जातो. मुलाची वसतिगृहाची फी, नाहीतर पुढच्या खरिपाचं बियाणं एवढ्या पैशांत बसतं.

याच हिशेबाने न्यूयॉर्कला भाव एक सेंटने हलला की वडवणीत क्विंटलमागे साठ-पासष्ट रुपये हलतात. खेडा खरेदीला टेम्पो घेऊन आलेला व्यापारी सकाळी फोन पाहूनच भाव फोडतो, त्यामागे हेच गणित असतं. शेतकऱ्याला त्याच्या तोंडून फक्त शेवटचा आकडा ऐकू येतो.

सरकीची गोष्ट आणखी लांबवर जाते. सरकीपासून तेल निघतं आणि पेंड जनावरांना जाते, त्यामुळे सरकीचा भाव खाद्यतेलाला बांधलेला आहे. भारत आपल्या गरजेतलं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो: पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफूल रशिया-युक्रेनमधून. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं, पाठोपाठ एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली आणि तेलं कडाडली. उलट, ३० मे २०२५ ला आपल्या सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणलं. शहरातल्या ग्राहकाला तेलाचा डबा स्वस्त पडावा हा त्यामागचा हेतू रास्त होता. पण त्याचा भार ज्या टोकाला गेला तिथे सोयाबीन आणि सरकी पिकवणारा माणूस उभा आहे, हे त्या वेळी फार कुणी बोललं नाही.

२०२२ हे साल कापूसवाल्यांच्या चांगलं लक्षात आहे. करोनानंतर जगभर कपड्यांची मागणी उसळली, जहाजांची कोंडी झाली, अमेरिकेत टेक्ससमध्ये दुष्काळ पडला. मे महिन्यात न्यूयॉर्कचा भाव पौंडाला दीडशे सेंटच्या वर गेला. महाराष्ट्रात कापूस दहा हजारांच्या पुढे जाऊन काही ठिकाणी बारा हजारांवर विकला गेला. पण तोवर लहान शेतकऱ्याकडे कापूस उरला होता कुठे? त्याने दिवाळीतच विकला होता. साठवणूक करू शकणाऱ्यांना तो भाव मिळाला. पुढच्या हंगामात सगळ्यांनी धडा घेतला आणि कापूस घरात भरून ठेवला. बैठकीत, झोपायच्या खोलीत, पत्र्याच्या शेडमध्ये छतापर्यंत ढीग. उन्हाळा आला तशी त्यातल्या किड्यांनी माणसं खाजवून हैराण झाली. लेकरांच्या अंगावर पुरळ उठलं. लोक अंगणात झोपू लागले, पण विकायला तयार होईनात, कारण मागच्या वर्षीचे बारा हजार डोळ्यांपुढून जात नव्हते. इकडे न्यूयॉर्कचा भाव केव्हाच ऐंशी सेंटच्या घरात उतरला होता. दीडशेवरून ऐंशी म्हणजे सत्तर सेंट आणि त्या वेळच्या डॉलरच्या भावाने क्विंटलमागे चार हजार रुपये. कापूस सात-आठ हजारांवर आला तो त्यामुळे. हा हिशेब कुणी गावात येऊन सांगितला असता, तर कित्येकांनी जानेवारीतच माल मोकळा केला असता. कृषी विभागाची इतकी शिबिरं होतात, फवारणीची, खतांची, सरकारी योजनांची. भावाची क्वचितच होतात. माझ्या मते ही आपल्या शेतीशिक्षणातली सर्वांत मोठी उणीव आहे.

बाहेरच्या घडामोडीने इथल्या माणसाला वर उचलावं आणि मग खाली आपटावं, हे मराठी मुलखाला नवं नाही. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस मँचेस्टरला जाईना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत त्या पैशावर कंपन्या निघाल्या, समुद्र हटवून जमीन काढायच्या योजना झाल्या, शेअरबाजार फुगला. युद्ध संपताच १८६५ मध्ये सगळं कोसळलं. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. शेजारच्या इंग्रजी मुलखातल्या शेतकऱ्याने तेजीच्या जोरावर काढलेलं कर्ज मंदीत अंगावर आलं, त्यात वाढीव शेतसाऱ्याची भर पडली. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांचे रोखे आणि वह्या जाळायला सुरुवात झाली आणि ते लोण अहमदनगर जिल्ह्यातल्या पारनेर, श्रीगोंदा, कर्जतपर्यंत गेलं. आष्टी-पाटोद्याची हद्द तिथून लांब नाही. सरकारला १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा करावा लागला तो या उठावानंतर.

त्या काळी लंडनकडे बोट दाखवता येत होतं. आज दिल्लीकडेही दाखवावं लागतं. भाव चढला की आपलं सरकार निर्यात रोखतं: एप्रिल २०१० मध्ये कापूस निर्यात थांबवली, ५ मार्च २०१२ ला पुन्हा बंदी घातली आणि ओरड झाल्यावर काही दिवसांतच मागे घेतली. भाव चढलेला असताना एप्रिल २०२२ मध्ये आयात शुल्क काढलं. आणि २०२५ मध्ये भाव पडलेला असतानाही काढलं. तेजीत वरचा हात धरायचा आणि मंदीत खालची फळी काढायची, असा अनुभव सलग आल्यावर शेतकऱ्याने जागतिक बाजाराचा फायदा घ्यावा तरी केव्हा?

गिरण्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे, कारण तिथेही माणसंच पोट भरतात. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारतीय मालावर एकूण ५० टक्के शुल्क लावलं. तयार कपड्यांची मोठी बाजारपेठ तीच, आणि व्हिएतनाम, बांगलादेशावरचं शुल्क आपल्यापेक्षा पुष्कळ कमी होतं. तिरुपूरच्या शिलाई कामगारांवर आणि सूतगिरण्यांवर कुऱ्हाड येणार हे दिसत होतं. त्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून कापसाचं शुल्क काढलं. शिवाय देशातलं कापसाचं उत्पादन गेली काही वर्षं घटत आलं आहे. एकेकाळी जगाला कापूस विकणाऱ्या भारताची आयात २०२४-२५ च्या हंगामात निर्यातीपेक्षा जास्त झाली. गिरणीला मदत हवी होती यात शंका नाही. पण ती मदत तिजोरीतून देता आली असती. ती शेतकऱ्याच्या भावातून दिली गेली, हा माझा आक्षेप आहे.

ज्यांच्याशी आपली बरोबरी लावली जाते त्यांच्याकडे कसं चालतं? अमेरिकेतल्या कापूस उत्पादकाला सरकार वर्षानुवर्षं अनुदान देत आलं आहे. २००२ मध्ये ब्राझीलने याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला आणि जिंकला. अमेरिकेने अनुदान पुरतं बंद केलं नाही. २०१४ मध्ये ब्राझीलला ३० कोटी डॉलर देऊन तडजोड केली. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या आफ्रिकेतल्या चार गरीब देशांनी २००३ च्या कानकून परिषदेत हाच प्रश्न मांडला होता. त्यांचा शेतकरी आपल्यासारखाच, दोन-चार एकरांचा, पावसावर बसलेला. त्यांना आश्वासनं मिळाली. दावा चालवायची ऐपत ब्राझीलकडे होती, मालीकडे नव्हती, आणि निकालात तो फरक पडला.

ब्राझील तेवढ्यावर थांबला नाही. मातो ग्रोसो राज्यात सोयाबीन काढलं की त्याच रानात, त्याच पावसाच्या ओलीवर दुसरं पीक म्हणून हजारो एकर कापूस घेतात आणि यंत्राने वेचतात. हेक्टरी १,८०० किलोच्या वर रुई निघते. भारताची सरासरी साडेचारशेच्या आसपास. २०२३-२४ मध्ये ब्राझीलने अमेरिकेला मागे टाकून कापूस निर्यातीत पहिला नंबर पटकावला. आपल्याकडे कपाशीखालचं क्षेत्र जगात सर्वांत मोठं आहे, पण एकरी उत्पन्नाने आपण मार खातो. नुसत्या शुल्काच्या भिंतीने ही दरी भरून निघणार नाही, हे शेतकरी नेत्यांनीही मान्य केलं पाहिजे.

आपल्याकडे वेचणी हाताने होते आणि ती बहुतेक बायकाच करतात. सकाळी लवकर, दव असताना निघायचं, कमरेला ओटी बांधायची, वाळलेल्या बोंडाच्या टोकांनी बोटं सोलली तरी हात थांबू द्यायचा नाही. मजुरी किलोवर, आठ-दहा-बारा रुपये. सुरुवातीच्या वेचणीला बोंडं भरगच्च असतात तेव्हा वजन भरतं. शेवटी फरदडीला दिवसभर वाकूनही पिशवी हलकीच राहते. दहा रुपये किलो धरले तर क्विंटलला हजार रुपये वेचणीलाच गेले. साडेसहा हजारांच्या मालात हजार रुपये! शेतकऱ्याला हा खर्च जड जातो आणि मजुरणीला ती मजुरी पुरत नाही, दोन्ही एकाच वेळी खरं आहे. न्यूयॉर्कचा भाव पडला म्हणून वेचणी स्वस्त होत नाही आणि व्हायलाही नको.

विकायचा भाव बाहेरून येतो, तशी लागवडीची सामग्रीही बाहेरूनच येते. बीटी बियाण्याचं तंत्रज्ञान अमेरिकी कंपनीचं. त्याला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली. सुरुवातीला बोंडअळीची फवारणी खरोखर घटली आणि उत्पन्न वाढलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याच दशकात भारत मोठा कापूस निर्यातदार झाला आणि खेड्यांत पक्की घरं उभी राहिली. पुढे गुलाबी बोंडअळी त्या तंत्रज्ञानाला पचवून बसली. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रभर अळीने किडलेला कवडी कापूस निघाला आणि फवाऱ्यांची संख्या पुन्हा चढली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. तिथे चर्चेत आलेल्या डायफेन्थियुरॉनसह पाच कीडनाशकांची निर्यात स्वित्झर्लंडने २०२१ पासून बंद केली. स्वतःच्या देशात न वापरायचं औषध दुसऱ्या देशाला विकणं चुकीचं आहे, हे स्विस सरकारला पटलं तोवर एवढी माणसं गेली होती. खताचंही तसंच. पोटॅश आपल्याकडे जवळजवळ मिळतच नाही, बहुतेक सगळं बाहेरून येतं. स्फुरदाचा खडक मोरोक्को-जॉर्डनहून येतो, डीएपीसाठी चीन आणि सौदीकडे पाहावं लागतं. चीनने निर्यात आवळली की इथे खताच्या दुकानापुढे रांग लागते, आणि डीएपीच्या पोत्यासोबत नको असलेलं दुसरं खत गळ्यात मारलं जातं.

हवामानाचा मारा वेगळाच. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, बीड जिल्ह्यात सिंदफणा आणि गोदावरीकाठची गावं पाण्यात गेली, उभ्या कपाशीची बोंडं झाडावर सडली. लांब धाग्याचा हमीभाव त्या हंगामाला ८,११० रुपये होता, पण कापूस महामंडळ १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असलेला माल घेत नाही आणि ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतं. त्या वर्षी मोबाइलवरच्या ॲपमध्ये नोंदणीही करायची होती. भिजलेला कापूस, पैशांची नड आणि नोंदणीची खटपट यांत अडकलेला माणूस हमीभावाच्या खाली खासगी व्यापाऱ्याला माल देऊन आला. १९७२ साली सुरू झालेली एकाधिकार खरेदी योजना तोट्यात गेली आणि गुंडाळली, तिच्यातल्या भ्रष्टाचाराबद्दल हवं तेवढं बोलता येईल. पण मंदीत आपला कापूस कोण घेणार, हा प्रश्न तिने तीसेक वर्षं तरी सोडवला होता.

कापसाने हात दिला नाही की वडवणी, धारूर, केजच्या घरांपुढे जुनाच रस्ता उरतो: कोयता, म्हणजे ऊसतोड. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि दिवाळीच्या आगेमागे नवरा-बायकोच्या जोडीने पश्चिम महाराष्ट्र नाहीतर कर्नाटक गाठायचा. जागतिक व्यापार तिथेही सोबत येतो. २०२१-२२ मध्ये भारताने सुमारे ११० लाख टन साखर निर्यात केली, ब्राझीलखालोखाल जगात दुसरी. ती साखर निघाली त्या उसातला कितीतरी ऊस बीडच्या हातांनी तोडला होता. एका दिवसाचा खाडा झाला तर मजुरी कापली जाते आणि उचल फिटत नाही, म्हणून पाळीचं दुखणंसुद्धा परवडत नाही. राज्य सरकारने नेमलेल्या समितीने २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. सहातल्या एकीचं. साखर निर्यातीच्या आकड्यांशेजारी हा आकडा छापला गेला पाहिजे, असं मला फार वाटतं.

जगाशी व्यापार तोडा, असं मी म्हणणार नाही. दारं बंद केली तर सगळ्यात आधी वडवणीचाच कापूस पडून राहील. आपल्या कापसाचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेश आहे, आणि आपलं सूत तिथे शर्ट होऊन युरोपला जातं. मागणी तरी तिथूनच येते. शिवाय कापसाची खरी स्पर्धा आता पॉलिस्टरशी आहे, जगातल्या एकूण धाग्यांत कापसाचा वाटा जेमतेम पाचवा उरला आहे. पण व्यापाराची जोखीम कुणी उचलायची, हे ठरवता येतं. व्यापारी वायदेबाजारात सौदा करून आपली जोखीम उतरवतो, गिरणी शुल्कमाफी मागून उतरवते, अमेरिकेतला शेतकरी अनुदानावर उतरवतो. वडवणीतला शेतकरी ती कुणाच्याच खांद्यावर ठेवू शकत नाही.

म्हणून मागणी साधी आहे आणि तिला पैसाही लागत नाही. कापूस, तेलबिया आणि साखर यांवरचं आयात शुल्क आणि निर्यातीची मुभा दर वर्षी मे महिन्यात, पेरणीच्या आधी जाहीर करावी आणि पुढच्या सप्टेंबरपर्यंत तिला हात लावू नये. मग कपाशी लावायची की सोयाबीन पेरायचं, हे शेतकरी भाव पाहून ठरवेल. आणि प्रत्येक बाजार समितीने मोंढ्याच्या फाटकावर रोज सकाळी तीन आकडे लिहावेत: न्यूयॉर्कचा भाव, डॉलरचा भाव आणि सरकीचा भाव. गुणाकार करायला गावात दहावी झालेली मुलं-मुली पुष्कळ आहेत. आपल्या बाजार समितीच्या संचालकाला आणि खासदाराला येत्या मे महिन्याच्या आत या दोन गोष्टी विचारा.